तेलाचे वय किलोमीटरमध्ये मोजावे की तासांत?

रोवणीच्या दिवसांत लाखांदूरकडच्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा, “इंजिनचं ऑइल कधी बदललं?” तो तासांत उत्तर देईल. “अजून चाळीस तास बाकी आहेत,” असे काहीतरी. त्याच घरातला धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन पुण्याला नोकरीला गेलेला असतो. त्याला हाच प्रश्न विचारला तर तो किलोमीटर सांगेल. दोघांच्या इंजिनात तेलाचे काम एकच आहे. मग एक जण तास मोजतो आणि दुसरा रस्ता मोजतो, असे का?

ट्रॅक्टरच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. चिखलणी करणारा ट्रॅक्टर दिवसभर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत फिरतो. इंजिन पूर्ण जोरात चालू असते, पण अंतर कापले जाते जेमतेम. कधी तर एका जागी उभे राहून मळणीयंत्र चालवायचे असते. तेव्हा अंतर शून्य आणि काम भरपूर. अशा यंत्राचे श्रम किलोमीटरने मोजणे म्हणजे शिवणयंत्रावर बसलेल्या शिंप्याचे श्रम तो किती चालला यावरून मोजण्यासारखे आहे. म्हणून ट्रॅक्टरला तासमापक असतो आणि अनेक ट्रॅक्टरांच्या माहितीपुस्तिकेत २५० तासांनी तेल बदला असे लिहिलेले असते. (जुन्या ट्रॅक्टरांवरचा तासमापक हे खरे तर घड्याळ नसतेच. तो इंजिनाचे फेरे मोजतो आणि ठरावीक फेऱ्यांना एक तास म्हणतो. इंजिन मंद चालले तर त्याचा तासही लांबतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे घड्याळापेक्षाही चांगले.)

दुचाकीच्या बाबतीत हा विचार मला फार उशिरा सुचला, आणि सुचला तेव्हा खिशाला चाट बसून गेली होती. माझे घर आणि प्रयोगशाळा यांत दोन किलोमीटरचे अंतर. रोज स्कूटरने जायचे, स्कूटरने यायचे. पुस्तिकेत ३,००० कि.मी. नंतर तेल बदला असे होते. वर्षाला जेमतेम १,२०० कि.मी. होत, तेव्हा मी निश्चिंत होतो. अडीच वर्षे होत आली तेव्हा इंजिन खडखडू लागले. मिस्त्रीने तेलाचे झाकण उघडून मला आतली बाजू दाखवली. दुधाच्या कॉफीसारखा फिकट तपकिरी लगदा चिकटला होता. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर, दोन्हींचे काम निघाले. मी म्हटले, “अरे, गाडी तर काहीच चालली नाही.” तो म्हणाला, “सर, कमी चालली म्हणूनच खराब झाली नं.” मला तो विनोद वाटला. पुस्तिकेत ‘३,००० कि.मी. किंवा ठरावीक महिने, जे आधी येईल ते’ असे स्पष्ट छापलेले होते, ते मी नंतर वाचले. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून हे असे.

मिस्त्रीचे वाक्य शब्दशः खरे होते. ते का, हे समजण्यासाठी इंजिनात तेल काय करते ते आधी पाहू.

वंगण म्हणजे घर्षण कमी करणारा पदार्थ, एवढे पाठ्यपुस्तकात असते. पण ते घर्षण कसे कमी करते? १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्याला एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागले. त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाने ती खुंटीही बाहेर ढकलली. मग दाबमापक लावल्यावर कळले की वरून येणाऱ्या भारामुळे सरासरी जेवढा दाब पडायला हवा त्याच्या दुपटीहून अधिक दाब तिथे आहे. म्हणजे धातूवर धातू टेकलेलाच नव्हता. फिरणारी आस स्वतःबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होती आणि त्या कोंडलेल्या तेलाने सगळा भार उचलून धरला होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्झ याने १८८६ मध्ये याचे गणित मांडले, आणि बेअरिंगची रचना आजही त्याच पायावर होते.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तेलाचा हा पडदा दोन गोष्टींवर उभा असतो: फिरण्याचा वेग आणि तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा. (दाटपणा म्हणजे घनता नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. तेल पाण्यापेक्षा दाट असूनही पाण्यावर तरंगते.) वेग कमी झाला किंवा तेल पातळ झाले की पडदा विरळ होतो. तो मुळातच काही मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर त्याच्या मानाने हा किती तलम, याची कल्पना येईल. इंजिन सुरू होताना वेग शून्य असतो, पडदा नसतो, आणि त्या काही क्षणांत धातू धातूला घासतो. सरळ रस्त्यावर तासभर धावणाऱ्या गाडीला हा प्रसंग एकदा येतो. दहा ठिकाणी थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीला दहा वेळा येतो.

आता रस्त्यावर येऊ. भंडाऱ्याहून साकोलीला जाणारा शिक्षक महामार्गाने सुमारे ४० कि.मी. अंतर तासाभरात कापतो. त्याची मोटारसायकल ३,००० कि.मी. पुरे करते तेव्हा इंजिन सुमारे ७५ तास चाललेले असते. पुण्याचे काय? टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ सालच्या वाहतूक पाहणीनुसार पुण्यात १० कि.मी. जायला सरासरी ३३ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागत होता. म्हणजे वेग ताशी १८ कि.मी. या वेगाने ३,००० कि.मी. व्हायला सुमारे १६७ तास लागतात. दोन्ही गाड्यांच्या मापकावर आकडा एकच, पण दुसरीचे तेल दुपटीहून अधिक काळ राबलेले. ट्रॅक्टरचे २५० तास घेऊन असाच हिशेब केला तर ते ताशी ५० कि.मी. वेगाने १२,५०० कि.मी. होतात आणि पुण्याच्या वेगाने ४,५०० कि.मी. २५० हा आकडा दुचाकीला लागू पडत नाही, इथे तो फक्त तुलनेसाठी घेतला आहे. शिवाय गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये असते. पहिल्या गियरमध्ये एका किलोमीटरला इंजिन जे फेरे मारते, ते वरच्या गियरमधल्या फेऱ्यांच्या तिप्पट-चौपट असतात.

एवढ्यावर लेख संपवून ‘तास मोजा’ असे सांगता आले असते. पण तासातासांत फरक असतो, आणि खरे रसायनशास्त्र तिथेच सुरू होते. गर्दीच्या शहरात तेल दोन अगदी उलट प्रकारांनी मरते. एक उष्णतेने, दुसरा थंडपणाने.

उष्णतेचा प्रकार आधी घेऊ. नागपूरहून रायपूर-कोलकात्याकडे जाणारा महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आता ५३) कित्येक वर्षे भंडारा शहराच्या भर वस्तीतून गेला. वैनगंगेच्या पुलाच्या बाजूने मालमोटारींची रांग लागली, की मधे अडकलेला दुचाकीवाला मे महिन्याच्या दुपारी इंजिन चालू ठेवून उभा राही. हवा ४५ अंशांच्या आसपास. बहुतेक लहान मोटारसायकलींची इंजिने वाऱ्याने थंड होतात, त्यासाठीच त्यांच्यावर पंख्यांसारख्या पट्ट्या असतात. गाडी उभी असली की वारा नाही. पिस्टनच्या रिंगांजवळचे तेल २०० अंशांच्या पुढे जाते. एवढ्या तापमानाला तेलातल्या हायड्रोकार्बनांचे हवेतल्या ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग होऊ लागतात. तापमान १० अंशांनी वाढले की अशा अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथेही लागू पडतो. २० अंशांनी चौपट, ३० अंशांनी आठपट. ऑक्सिडीकरण झालेले रेणू एकमेकांना जोडले जातात, तेल दाट होते, त्यात आम्ले तयार होतात, आणि गरम भागांवर लाखेसारखा चिकट थर बसतो. ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये तेलात आधीच घातलेली असतात, पण ती स्वतः खर्ची पडून तेलाला वाचवतात. साठा संपला की घसरण एकदम वेगाने होते.

दुसरा प्रकार माझ्या स्कूटरचा. पेट्रोल जळले की काय तयार होते असे वर्गात विचारा. ‘धूर’, ‘कार्बन डाय-ऑक्साइड’ अशी उत्तरे येतील. ‘पाणी’ असे फार थोडे विद्यार्थी म्हणतील. प्रत्यक्षात ऑक्टेनच्या एका रेणूत ८ कार्बन आणि १८ हायड्रोजन अणू असतात, तेव्हा ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून पाण्याचे ९ मोल म्हणजे १६२ ग्रॅम पाणी तयार होते. एक लिटर ऑक्टेनचे वजन सुमारे ७०० ग्रॅम. त्रैराशिक मांडले तर एक लिटर इंधनापासून जवळजवळ एक लिटर पाणी! दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे, उत्तर पाहून ते चकित होतात.

हे बहुतेक पाणी वाफेच्या रूपाने धुराड्यातून निघून जाते. पण पिस्टनच्या रिंगांमधून थोडे वायू खालच्या चेंबरमध्ये निसटतातच. चेंबर आणि तेल गरम असेल तर वाफ पुन्हा वायुमार्गाने बाहेर पडते. थंड असेल तर तिथेच तिचे पाणी होते आणि तेलात घुसळले जाते. तेल पुरते तापायला इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे दहा-पंधरा मिनिटे सलग चालावे लागते. माझी स्कूटर रोज सहा-सात मिनिटांत बंद होत होती. अडीच वर्षे तेलात पाणी साठत राहिले आणि ते उडून जाण्याची संधी त्याला जवळजवळ मिळालीच नाही.

पाणी एकटे येत नाही. थंड इंजिनाला सुरू होण्यासाठी जास्त इंधन द्यावे लागते. पूर्वी आपण चोक ओढायचो, आता हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात मिसळते आणि तेल पातळ होते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असल्याने थंड इंजिनात ते सहज उडत नाही, शिवाय ते पाण्याशी मिसळते. वायूंमधली नायट्रोजनची ऑक्साइडे पाण्यात विरघळून आम्ले होतात. गंधक असेल तर गंधकाचे आम्लही. या बाबतीत मात्र परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ च्या इंधनात ते दहा लाखांत जास्तीत जास्त १० भाग असते. जुन्या चालकांचे तेल लवकर बदलण्याचे आडाखे त्या काळात चुकीचे नव्हते. इंधन बदलले, आडाखे तसेच राहिले.

आम्लांशी सामना करण्यासाठी तेलात आम्लारिधर्मी द्रव्ये घातलेली असतात, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची संयुगे. हा साठा म्हणजे तेलाची शिल्लक रक्कम. मोटारीत तीन-चार लिटर तेल असते, लहान मोटारसायकलीत जेमतेम एक लिटर. ज्याची शिल्लक कमी त्याची ती लवकर संपणार. मोटारसायकलीच्या तेलाला आणखी एक जादा काम असते. तेच तेल गियर आणि क्लच यांनाही पुरवायचे. तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-३० असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा (डब्ल्यू म्हणजे विंटर), दुसरा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. एकच तेल थंडीत वाहते आणि गरम झाल्यावर फार पातळ होत नाही, याचे श्रेय त्यात मिसळलेल्या बहुवारिकांच्या लांबलचक रेणूंना असते. गियरच्या दातांमध्ये हे रेणू अक्षरशः तुटतात, आणि गर्दीत गियर किती वेळा बदलावा लागतो हे सांगायला नको.

तेल कधी मरते हे किलोमीटरवरून नव्हे तर इंजिनाच्या फेऱ्यांवरून आणि तेलाच्या तापमानावरून ठरवावे, या दिशेने १९८० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये शर्ली श्वार्ट्झ आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की या दोघांनी काम केले. वेगवेगळ्या प्रकारे चालवलेल्या गाड्यांच्या तेलाचे नमुने तपासून त्यांनी १९८७ मध्ये पद्धत मांडली. तापमान फार वाढले तरी तेलाचे आयुष्य घटते आणि फार कमी राहिले तरी घटते, ही दोन्ही टोके त्यांच्या हिशेबात होती. ‘तेल बदला’ असा दिवा लावणाऱ्या कित्येक आधुनिक मोटारी आज याच जातीचा हिशेब करतात.

आणि आता एक प्रयोग, जो माझ्या वरच्या तासांच्या हिशेबालाच लगाम घालतो. अमेरिकेतल्या ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल चालली. काहींचे तेल ३,००० मैलांनी बदलले, काहींचे ६,००० मैलांनी, म्हणजे जवळजवळ ९,६०० कि.मी.ने. शेवटी इंजिने उघडून झीज मोजली, तर दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. न्यूयॉर्कची गर्दी काही पुण्याहून फार सौम्य नाही. मग शहरातल्या गर्दीने तेल लवकर मरते हे खोटे का?

उत्तर टॅक्सीच्या दिनक्रमात आहे. टॅक्सी बहुतेक वेळ धावतच असते, तिचे इंजिन क्वचितच थंड होते. पाणी आणि पेट्रोल तेलात साठायला वाव नाही, आणि पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या इंजिनात तापमानही हाताबाहेर जात नाही. त्या मासिकानेही थंड इंजिनाने वारंवार सुरू होणाऱ्या किंवा क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाड्यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होणार नाहीत असे बजावले होते. म्हणजे ‘शहरी वाहतूक’ ही एकच गोष्ट नाही. दिवसभर फिरणारी ऑटोरिक्षा, सकाळ-संध्याकाळ दोन किलोमीटर जाणारी स्कूटर आणि भर उन्हात सिग्नलला उभी राहणारी, घरोघरी सामान पोचवणाऱ्या मुलाची मोटारसायकल, या तिघी एकाच शहरात राहून तीन वेगळी आयुष्ये जगतात. माझ्या मते यांत सर्वांत जास्त धोका स्कूटरला आहे, आणि तिच्याच मालकाला वाटते की आपली गाडी तर चालतच नाही.

‘तेल काळे झाले म्हणजे संपले’ हा समज फार पक्का आहे, पण तो बरोबर नाही. तेल काळे होते ते काजळीमुळे, आणि काजळीचे कण अलग अलग तरंगत ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच आहे. डिझेल इंजिनात तर नवे तेल काही तासांत काळे पडते. उलट काही दिवस वापरूनही स्वच्छ राहिलेले तेल कचरा उचलतच नसेल, ही शंका घ्यावी. रंगापेक्षा बरी परीक्षा वर्गात करता येते. इंजिन गरम असताना बंद करून पाच मिनिटांनी तेलपट्टीवरचा एक थेंब टीपकागदावर किंवा गाळणकागदावर टाका. कागद चारी बाजूंनी टेकवून मधे अधांतरी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. काळा रंग मध्यापासून कडेपर्यंत फिकट होत सारखा पसरला असेल तर कण अलग ठेवणारी द्रव्ये अजून काम करत आहेत. मध्यभागी गडद ठिपका आणि त्याला रेखीव कडा असेल, बाहेर नुसते तेलकट वर्तुळ असेल, तर काजळीचे गोळे होऊ लागले आहेत. कडा वेड्यावाकड्या दातेरी दिसल्या तर पाण्याचा संशय घ्यावा. शाळेतल्या सर्व शिक्षकांच्या गाड्यांचे थेंब एकाच मोठ्या कागदावर घेऊन शेजारी तारखा आणि अंतरे लिहिली तर पाहण्यासारखा तक्ता होतो. मुलांनी तेल हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

दाटपणा मोजण्यासाठी सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज पुरते. दट्ट्या काढून तिच्यातून नवे तेल आणि वापरलेले तेल गळायला किती सेकंद लागतात ते घड्याळाने मोजा. दोन्ही तेले एकाच तापमानाची हवीत, नाहीतर मोजणीला काही अर्थ नाही. तेच तेल गरम पाण्यात ठेवून ६० अंशांना नेले तर वेळ किती कमी होतो हे पाहणे स्वतंत्र प्रयोग म्हणूनही रंजक आहे.

मग तेल कधी बदलावे? महामार्गावर रोज सलग जाणाऱ्याने पुस्तिकेतले अंतर पाळावे, त्याआधी बदलण्याचे कारण नाही. मोटारींच्या बहुतेक पुस्तिकांत ‘कठीण परिस्थिती’साठी वेगळे कोष्टक असते. त्यात थांबत-थांबत चालणे, छोटी अंतरे, धुळीचे रस्ते, कडक ऊन अशा गोष्टी मोडतात, आणि अंतर बरेचदा निम्मे दिलेले असते, १०,००० कि.मी.च्या जागी ५,०००. आपल्याकडच्या शहरी गाड्यांपैकी कितीतरी गाड्या या कोष्टकातच बसतात, पण ते मागच्या पानांवर असल्याने कोणी वाचत नाही. रोजचा सरासरी वेग ताशी २० कि.मी.हून कमी असेल, किंवा प्रत्येक फेरी दहा मिनिटांच्या आत संपत असेल, तर मी निम्मे अंतर धरतो. फेऱ्या छोट्या असतील तर किलोमीटर विसरून वर्षातून निदान एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, तेल बदलतो. आठवड्यातून एकदा तरी स्कूटर अर्धा तास सलग चालवतो. बदलताना इंजिन गरम हवे, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. आणि बदलण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे पातळी पाहणे. एक लिटर तेलातले पाव लिटर जळून गेले तर उरलेल्याला चौथ्याचेही काम करावे लागते.

दर हजार किलोमीटरला तेल बदलण्याचा सल्लाही ऐकू येतो. इंजिनाला त्याने अपाय नाही, पण ते जुने तेल कुठे जाते? ‘जळके ऑइल’ आपल्याकडे वाया जात नाही असे म्हणतात. ते लाकडी खांबांना वाळवीसाठी लावतात, स्लॅबच्या फळ्यांना फासतात, काही ठिकाणी जनावरांच्या अंगावर गोचिडांसाठीही चोळतात. यातला शेवटचा वापर तर अगदी टाळावा. इंजिनात राहून आलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी बहुवलयी संयुगे असतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते येते, आणि २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून तेल विकणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. लहान गॅरेजांमधून मात्र त्याचा काही भाग नालीतच जातो.

बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात लंडनजवळच्या तळ्यावर एक चमचा तेल टाकले, तर अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले होते. नागपूरच्या नाल्या नाग नदीला मिळतात, नाग नदीचे पाणी कन्हानला, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि ते सारे पवनीजवळ गोसीखुर्द धरणाच्या मागे थांबते. नागपूरच्या वर्दळीत घाईने बदललेल्या तेलाचा हिशेब भंडारा जिल्ह्यातल्या पाण्यात मांडला जातो. तेव्हा गॅरेजमध्ये काढलेले तेल कोण घेऊन जातो, हे एकदा विचारून पाहावे. आमचा मिस्त्री ते एका पिंपात साठवतो आणि अधिकृत पुनर्शुद्धीकरणवाल्याची गाडी आली की देतो. त्याला त्याचे पैसेही मिळतात.

पुण्याला असलेल्या माझ्या भाच्याला मी एक काम सांगितले होते. आठवडाभर रोज निघताना आणि पोचल्यावर किलोमीटरचा आकडा आणि घड्याळ वहीत लिहायचे, आणि इंजिन थंड असताना किती वेळा सुरू केले तेही. तुमच्या वर्गातल्या मुलांना आपापल्या घरच्या गाडीसाठी हे करता येईल, वही आणि पेन्सिल एवढेच साहित्य लागते. त्याची बेरीज आली ९६ कि.मी., ६ तास २४ मिनिटे, थंड सुरुवात १३ वेळा. सरासरी ताशी १५ कि.मी. त्याने पुस्तिकेतला आकडा खोडून त्याच्या निम्मा लिहिला आणि पुढच्या तेलाची तारीख पेट्रोलच्या टाकीखाली रंगाने टाकली.